मुंजांच्या नियमाला हात लावणार नाही

मेलेल्यांना परत उठवण्याच्या मंत्राला मी मर्यादा घालायला विसरलो.

एक ओळ लिहायची राहिली, एवढंच. दुसऱ्या कुणाच्या हातून राहिली असती तर समजून घेता आलं असतं. पण मी पोटापाण्यासाठी विमा कंपनीत पॉलिसीच्या अटी लिहितो. ‘वर्षातून एकदाच’, ‘आधीच्या दुखण्याला लागू नाही’, ‘या कलमात काहीही म्हटलेलं असलं तरी’. माणसाच्या आशेला कुठे कुठे कुंपण घालता येईल ते शोधायचं, याचाच मला पगार मिळतो. आणि जिथे खरोखर कुंपण हवं होतं, तिथे मी फाटक उघडं टाकून घरी गेलेलो.

तर खेळ कसला, ते आधी सांगतो. नौपाड्यात माझा एक मित्र दाताचा डॉक्टर आहे. रविवारी त्याचा दवाखाना बंद. पेशंट जिथे बसतात त्या खोलीत दोन बाकांवर प्लायवूड टाकायचं, वर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या, निळ्या कागदाची खाडी, पांढऱ्या रांगोळीची मिठागरं. दोन्ही बाजूंनी सैन्यं मांडायची आणि फासे टाकत लढायचं. परदेशात या खेळाचे तयार संच मिळतात, जाडजूड नियमपुस्तकं मिळतात, त्यात ड्रॅगन असतात आणि बुटके असतात. आम्ही तो आमच्यापुरता घरी करून घेतला. दिवाळीच्या किल्ल्यांसाठी स्टेशनजवळ मातीचे मावळे विकायला येतात, ते आमचे सैनिक. रंग बदलायचा, तलवार घासून काढायची, की मावळ्याचं भूत होतं. राक्षस आणि ड्रॅगन आम्हाला कधी जमले नाहीत. वेताळ, खवीस, मुंजे ही आमची माणसं. प्रत्येकाच्या गावाकडे एखादा तरी होताच.

नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण डॉक्टर म्हणाला, “तू नाहीतरी दिवसभर न समजणारं लिहितोसच.”

अशा खेळात तलवारीचं गणित सोपं असतं. भाला घोड्याला भारी, घोडा पायदळाला भारी. गोंधळ घालते ती जादू. जादू म्हणजे आमटीतलं मीठ. कमी पडलं तर कुणी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही, जास्त झालं तर आमटीत डाळ होती की नाही तेही आठवत नाही. मी दोन्ही टोकांना जाऊन आलो. सुरुवातीला मी धुक्याचा मंत्र लिहिला. मांत्रिकाने धुकं पाडायचं आणि त्यानेच ते उठवायचं. पहिल्याच डावात माझ्या मांत्रिकाने धुकं पाडलं आणि पुढच्या फेरीत बाण लागून मेला. आता धुकं उठवणार कोण? दोन्ही सैन्यं दीड तास एकमेकांना शोधत होती. डॉक्टर म्हणाला, “घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये रोज हेच होतं, त्यासाठी मांत्रिक नाही लागत.”

तिसरा आमचा ठाकुर्लीकर. कॉलेजपासूनचा मित्र, राहायला ठाकुर्लीला, म्हणून आम्ही त्याला त्याच नावाने हाक मारायचो. हात असा सुरेख की एक केस असलेल्या कुंचल्याने बोटाएवढ्या मातीच्या तोंडावर भुवई काढायचा. त्याच्याकडे भुतावळ होती. एक वेताळ, बाकी पायदळ आणि बारा मुंजे. बारा जणांना शेंडी, लंगोटी, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एक रागावलेला, एकाला झोप येतेय, एकाला कुणीतरी खाऊ द्यायचं कबूल करून दिलेला नाही. फासे टाकायच्या आधी तो बोटाच्या पेराने प्लायवूडवर दोनदा टकटक करायचा. कुणाला जागं करत असल्यासारखं.

आता ती चूक. जादूसाठी प्रत्येक फेरीत दोन फासे टाकायचे. जेवढं दान पडेल तेवढे गुण. गुण खर्चून मंत्र म्हणायचा, समोरच्याने त्याचे गुण खर्चून उतारा टाकायचा. ठाकुर्लीकराच्या मुंजांसाठी मी दोन कलमं लिहिली. पहिलं, मेलेल्या मुंजाला परत उठवायला दोन गुण लागतात. दुसरं, मुंजा उठला की तो येताना आपल्या बाजूला दोन गुण घेऊन येतो. दोन्ही कलमं वेगवेगळ्या दिवशी लिहिली आणि दोन्ही मला फार गोड वाटली.

पहिल्याच रविवारी ठाकुर्लीकराने वही वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “विमावाल्या, तू काय लिहून ठेवलंयस कळतंय का तुला?”

“का, काय झालं?”

त्याने बाराच्या बारा मुंजे आडवे घातले. मग पहिला उठवला. “हा उठला, दोन गुण गेले. येताना दोन घेऊन आला. त्या दोनात हा उठला. ह्याने दोन आणले, त्यात हा...” असं करत दोन गुणांत त्याने बाराही उभे केले, आणि शेवटच्याने आणलेले दोन गुण हातात उरलेच. “अख्खं स्मशान फुकटात,” तो म्हणाला. “वर सुट्टे परत.”

डॉक्टर म्हणाला, “उपटलेले दात परत यायला लागले तर मी दवाखाना बंद करतो.”

ठाकुर्लीकराने अकरा मुंजे पुन्हा आडवे केले, हलक्या हाताने, आणि एकच उभा ठेवला. “एका फेरीत एकच उठवीन. बाकीचे झोपू देत, दमलेत.”

मी म्हटलं, “थांब, ओळ घालतो.”

“राहू दे रे. आपल्याला माहितीये ना?”

ती ओळ अशी राहिली. पुढे कितीतरी रविवार तो त्या उघड्या फाटकासमोर बसून खेळला आणि एकदाही आत शिरला नाही. हरत असतानासुद्धा नाही. आमच्या खेळातला समतोल माझ्या वहीत नव्हताच. तो त्या माणसाच्या बोटांत होता. हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं झालं नसतं, पण तेव्हा मी माझ्या कलमांचं कौतुक करण्यात गुंतलेलो.

मग तो आजारी पडला. ते सगळं मी लिहीत नाही. शेवटच्या महिन्यात एकदा ठाकुर्लीला गेलेलो, तेव्हा काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, “नियमांची नवी वही करतोय. तुझ्या मुंजांचं कलम नीट करून टाकतो.”

तो उशीला टेकून बसलेला. हसला. “माझ्या मुंजांना हात लावू नकोस हं. लावलास तर छळीन.”

त्याची बायको आतून म्हणाली, “कोणाला छळणार आहात आणि?” आणि विषय तिथेच संपला.

दहाव्याला आम्ही कल्याणच्या घाटावर होतो. पिंड मांडले आणि कावळा शिवेना. कावळे होते, चार-पाच होते, समोरच्या भिंतीवर बसून आमच्याकडे बघत होते. त्याच्या मेव्हण्याने हात जोडून सांगितलं, “बहिणीची काळजी करू नका, मी आहे.” कावळे बसून. त्याची मुलगी पुढे झाली, म्हणाली, “बाबा, आईला मी एकटं पाडणार नाही.” एक कावळा उडाला आणि जरा लांब जाऊन बसला. ऊन चढत होतं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला आणि विचारलं, “मित्रमंडळींपैकी कुणी आहे का? कुणाकडे काही बोलले असतील.”

डॉक्टरने मला मागून ढकललं. अशा वेळी तो नेहमी मागे असतो.

मी पुढे गेलो. डोकं रिकामं. ‘तुझी आठवण येईल’ म्हणावं तर ते कावळ्याला सांगून काय उपयोग. आणि तोंडातून निघून गेलं, “बाबा रे, तुझ्या मुंजांच्या नियमाला हात लावणार नाही.”

वाक्य संपायच्या आत कावळा खाली आला. एक नाही, दोन. पहिल्याने भाताला चोच लावली.

गुरुजींनी अर्धा वळलेला दर्भ खाली ठेवला. सगळ्यांनी नमस्कार केला. त्याची एक म्हातारी आत्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “कुणाच्या घरात मुंजा लागलाय? सांग बाबा, पिंपळाला नैवेद्य दाखवून शांत करता येतो.” मी म्हणालो, “एक नाही, बारा आहेत.” त्यानंतर त्या माझ्यापासून दूरच उभ्या राहिल्या.

परत येताना स्टेशनवरून रिक्षा केली. नौपाडा आल्यावर डॉक्टर म्हणाला, “तुला कळतंय ना तू काय केलंस? तो नियम आता दुरुस्त होऊ शकत नाही.”

“कावळा भुकेला होता रे.”

“मग कर दुरुस्त.”

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी फक्त त्यांना दुखवत नाही.

दोन महिन्यांनी एका रविवारी त्याची मुलगी दवाखान्यात आली. पंचविशीतली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. हातात बापाचं खोकं. म्हणाली, “मला शिकवाल का? बाबांचं सैन्य नुसतं कपाटात ठेवायला मला नाही आवडत.”

आम्ही दोघं इतके खूश झालो की तिला वही देऊन टाकली. लॅबमध्ये काम करणारी मुलगी ती, आठ दिवसांत वही पाठ करून आली. पहिल्या डावात तिसऱ्या फेरीला माझ्या घोडेस्वारांनी तिचे सात मुंजे मारले. तिने वही उघडली, कलमावर बोट ठेवलं. मग बोटाच्या पेराने प्लायवूडवर दोनदा टकटक केलं.

मी डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं नाही.

तिने एक उठवला. त्याच्या गुणांत दुसरा. दुसऱ्याच्या गुणांत तिसरा. सातही उभे. “असंच ना, काका?”

असंच लिहिलेलं होतं. मी म्हणालो, “असंच.”

त्या क्षणी सांगता आलं असतं, की बाळा, तुझे बाबा असं करत नव्हते, ते एका फेरीत एकच उठवायचे. पण ते सांगायचं म्हणजे तिला तोंडावर म्हणायचं की तू लबाडी करतेस. बाप जाऊन अडीच महिने झालेले. आणि मग ती म्हणणार, तर मग तसं लिहा. आणि लिहायला मी मोकळा नव्हतो. मी गप्प राहिलो, आणि माझ्या गप्प राहण्याला डॉक्टर शहाणपणा समजला, म्हणून तोही गप्प राहिला.

ती जिंकली. पुढच्या रविवारी जिंकली. त्याच्या पुढच्या रविवारीही. डॉक्टरने सगळे गुण उताऱ्यात घालून बघितले. एखादा मुंजा तरी निसटायचाच, आणि एक निसटला की बाराही यायचे. आमच्याकडे अधूनमधून येणारे आणखी दोघे होते. एकाची पाठ दुखायला लागली, दुसऱ्याकडे दर रविवारी पाहुणे. मारलेला मुंजा परत उठतो हे बघण्यात पहिल्यांदा गंमत असते. दहाव्यांदा त्याच रागावलेल्या तोंडाकडे बघताना फासे उचलावेसे वाटत नाहीत. ठाकुर्लीकराने काढलेली ती भुवई. मारा, परत येते. मारा, परत येते.

मधल्या काळात काही गोष्टी झाल्या. त्या मी क्रमाने सांगतो, तुम्ही काय ते ठरवा.

एका सोमवारी सकाळी डॉक्टरचा फोन. “काल तू मुंजे मोजून खोक्यात ठेवलेलेस ना?”

“बारा. का?”

“एक खिडकीत उभा आहे. बाहेर तोंड करून.” मागे कुठल्यातरी बाईंचा आवाज येत होता की ते आधी काढा, मग मी तोंड उघडते. झाडणाऱ्या मावशींना तो बाकाखाली सापडला असणार आणि त्यांनी उचलून खिडकीत ठेवला असणार. डॉक्टरने मावशींना विचारलं नाही. मीही विचार म्हणालो नाही. त्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं तर काय करायचं होतं आम्ही?

मग एक शनिवार, दुपारची वेळ. माजिवड्याच्या घरी मी एकटाच. ठरवलं, बास झालं. कॉम्प्युटर लावला, नव्या वहीसाठी टाइप करत असलेली नियमांची फाइल उघडली, कलमाच्या शेवटी गेलो. ‘एका फेरीत’ एवढं टाइप केलं आणि फोन वाजला. स्क्रीनवर ठाकुर्लीकराचं नाव.

ते नाव काढून टाकायचं माझ्याच्याने झालेलं नव्हतं. फोन सहा-सात वेळा वाजला असेल. उचलला. त्याची बायको होती. “माझा फोन बंद पडलाय म्हणून ह्यांच्यावरून करतेय. गावाहून फणस आलाय. तुम्हाला कापा आवडतो ना? हिच्याबरोबर रविवारी गरे पाठवते.”

मी गऱ्यांबद्दल आभार मानले, फोन ठेवला आणि टाइप केलेले दोन शब्द पुसले.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अरे, एका खेळाच्या नियमाला घाबरतोस तू?”

“नियमाला नाही. नियमाच्या मालकाला.”

“तो जिवंत असताना कधी घाबरला नाहीस.”

“तेव्हा तो समोर बसायचा.”

तिने उठून माझा कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाली, “त्या पोरीचं काय पण? तिला माहितीये का, तुम्ही सगळे का हरताय ते?”

माहीत नव्हतं. तिला वेगळंच काहीतरी वाटत होतं, आणि ते काय, ते दुसऱ्याच दिवशी, रविवारी कळलं. डॉक्टर लग्नाला गेलेला, किल्ली माझ्याकडे. आम्ही दोघंच. तिने गऱ्यांचा डबा खिडकीत ठेवला आणि सैन्य मांडलंच नाही. खोकं मांडीवर घेऊन बाकावर बसली. मागच्या भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र.

“काका, एक विचारू? तुम्ही लोक मला मुद्दाम जिंकू देता ना?”

“नाही गं. छे.”

“मग कुणीच कसं जिंकत नाही माझ्याशी? ते दोघे तर यायचेच बंद झाले. डॉक्टरकाका माझी फेरी आली की मोबाईल बघतात. मला कळतं हो. बाबा गेले म्हणून सगळे येतात, मुंजांच्या पाया पडल्यासारखं करतात आणि जातात. खेळ कुठे आहे हा? देव्हारा झालाय.” तिचा आवाज फुटला नाही, उलट बारीक आणि सरळ झाला. “मला एकदा खरा डाव खेळायचाय. बाबा रविवारी घरी यायचे ना, कधी हरलेले असायचे, कधी जिंकलेले. जेवताना सगळं सांगायचे. हरले की जास्त सांगायचे. मला ते करायचंय. घरी जाऊन आईला सांगायचंय की आज हरले. नाहीतर मी हे आजपासून घेऊन जाते, परत आणत नाही.”

मी म्हणालो, “हरू देत नाही ते आम्ही नाही. नियम हरू देत नाही.” आणि मग सगळं सांगितलं. राहिलेली ओळ. बापाने पहिल्याच दिवशी पकडलेली पळवाट. अकरा आडवे, एक उभा. बाकीचे झोपू देत, दमलेत. घाट. कावळा.

ती ऐकत होती. लॅबमध्ये रिपोर्ट वाचताना लोकांचं तोंड कसं असतं मला माहीत नाही, पण असंच असावं.

“म्हणजे इतके दिवस मी बाबांसारखी खेळतेय समजत होते, आणि मी त्यांच्या बरोब्बर उलटं खेळत होते?”

“तुला काय माहीत?”

“मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं!” आता आवाज चढला. “पहिल्याच दिवशी ‘असंच ना काका’ म्हणून विचारलं मी. तुम्ही म्हणालात, असंच!”

“लिहिलेलं तसंच होतं.”

“मग बदला ना ते लिहिलेलं!”

“मी वचन दिलंय.”

“बाबांना?”

“हो.”

“कावळ्यादेखत?”

“सगळ्यांदेखत. तू होतीस की तिथे. त्याच्या आधी तुझंच झालेलं बोलून.”

तिने खोकं बाजूला ठेवलं, टेबलावरची वही ओढली, पर्समधून पेन काढलं. “तुम्ही म्हणालात, तुम्ही हात लावणार नाही. नका लावू. मी कुठे म्हटलंय तसं? मुंजे आता माझे आहेत.”

बावीस वर्षं कलमं लिहिणारा मी. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी उठलो आणि खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिलो, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर मी काही पाहिलेलं नाही. मागे पेनचा आवाज आला. थोडाच. माझी मान आपोआप खांद्यात गेली. खाली एक बाई रिक्षावाल्याशी भांडत होती. बाकी काही झालं नाही.

“झालं. बघा आता.”

माझ्या कलमाखाली तिच्या बारीक, सुट्या अक्षरात एक ओळ होती: एका फेरीत एकच मुंजा उठेल. खाली सही, आणि कंसात ‘मुलगी’.

आम्ही सैन्यं मांडली. तिने फासे टाकायच्या आधी टकटक केलं आणि या वेळी तिचं तिलाच ऐकू आलं. हात तसाच प्लायवूडवर राहिला. “हे मी करते नेहमी?”

“पहिल्या दिवसापासून.”

“सांगायचं ना.”

काय सांगणार? त्या खोलीत तेव्हा आम्ही तिघं असल्यासारखं वाटत होतं. तसं मला प्रत्येक रविवारी वाटायचं आणि प्रत्येक वेळी मी घाबरायचो. त्या दिवशी मी फक्त बाकावर जरा सरकून बसलो.

दुसऱ्या फेरीत मी तिचे तीन मुंजे मारले. तिने एक उठवला. दोन आडवे राहिले. तिसऱ्या फेरीत आणखी चार मारले. आता सहा आडवे, आणि उठणार एक. आजवर तिला कधी निवडावं लागलं नव्हतं. तिने आडव्या सहांकडे बघितलं, बराच वेळ. झोप येणारा होता त्यांत. रागावलेला होता. तिने खाऊ न मिळालेल्याला उभं केलं आणि रागावलेल्याला उचलून तळहातावर घेतलं. अंगठ्याने त्याच्या कपाळावरची धूळ पुसली. मग त्याला खोक्यात, कापसात ठेवलं आणि कापूस वरून पांघरला.

“ह्याला आज परत नाही उठवला तरी चालेल ना?” तिने विचारलं.

“चालेल.”

“बरं.” तिने नाक ओढलं, फासे उचलले. “तुमची फेरी.”

तो डाव खरा होता. पहिल्यांदा मला घाम फुटला. तिचं पायदळ पातळ झालेलं, माझे घोडेस्वार टेकडीच्या उतारावर, माझा मांत्रिक अजून जिवंत. जिंकलो तर आपण एका पोरक्या मुलीला हरवणार, हे मनात आलं आणि मी ते बाहेर ढकललं. तिने तेच तर मागितलं होतं. मी पूर्ण जोर लावायचं ठरवलं. भरपूर विचार केला. हनुवटीला हात लावून विचार केला. आणि घोडेस्वारांना टेकडी चढवून माथ्यावर नेलं, कारण माथ्यावरून सगळं दिसतं.

ती टेबलाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तिचा चेहरा बदलत गेला, चांगल्याकडून वाईटाकडे.

“काका, तुम्ही परत तेच करताय.”

“काय केलं मी?”

“माझा वेताळ बघा.” मी बघितला. तिचा वेताळ, म्हणजे तिचा सेनापती, जो पडला की डाव संपतो, मिठागरात एकटा उभा होता. त्याच्या आणि माझ्या घोडेस्वारांच्या मध्ये एक माणूस नव्हता. एक झुडूपसुद्धा नव्हतं. सरळ गेलो असतो तर मी त्याच फेरीत जिंकलो असतो. “एवढा उघडा सोडला मी, चुकून सोडला, आणि तुम्ही टेकडी चढलात? मला दया नकोय म्हणून सांगितलं ना मी?”

“अगं, दया नाही. मला दिसलाच नाही तो.”

“खोटं.”

“खरंच नाही दिसला.”

“बाबांची शपथ घ्या.”

एकदा त्याला शब्द देऊन मी काय भोगलंय ते मला ठाऊक होतं. पण खरं होतं, म्हणून घेतली. “त्याची शपथ. मला दिसला नाही. मी टेकडीच बघत होतो.”

तिने माझ्याकडे निरखून बघितलं, काचपट्टीवरचा थेंब बघावा तसं. मग टेबलाकडे. उघडं मिठागर, एकटा वेताळ, आणि माथ्यावर रांगेत उभे असलेले माझे घोडे, सगळं दिसत असलेले. हळूहळू तिच्या खांद्यांतला ताण गेला.

“म्हणजे प्रश्न नियमाचा नव्हताच,” ती म्हणाली. “काका, तुम्हाला खेळताच येत नाही.”